रीडिंग कोण लिहितं आणि पाना कोणाच्या हातात असतो?

पाना_पक्कड

परवा भाचीने कॉलेजातल्या प्रॅक्टिकलचे फोटो पाठवले. चौघांचा ग्रुप, समोर सेंट्रिफ्युगल पंपाचा टेस्ट रिग. एक मुलगा डिलिव्हरी व्हॉल्व्हवर, दुसरा मेजरिंग टँकपाशी स्टॉपवॉच घेऊन, तिसरा नुसताच पाइपला टेकून उभा (असा एक प्रत्येक ग्रुपात असतोच). आणि आमच्या बाईसाहेब स्टुलावर बसून वहीत रीडिंग लिहितायत.

"तू का लिहितेस?" मी विचारलं.

"मावशी, माझं अक्षर चांगलं आहे ना."

२२ वर्षांपूर्वी माझंही अक्षर चांगलं होतं. अख्ख्या ग्रुपची जर्नलं माझ्यावरून उतरवली जायची. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात फोरमनने हातात रिंग पाना दिला आणि म्हणाला, कपलिंग गार्ड (मोटर आणि पंपाच्या जोडावरचं झाकण) काढ. बोल्ट कुठल्या बाजूला फिरवायचा हे मला क्षणभर सुचेना. डिस्टिंक्शन होतं मला. पंप तोंडपाठ होता.

कोणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलीस. पण व्हॉल्व्ह जवळजवळ बंद असताना पाव फेरा दिला तरी गेजचा काटा केवढा उडतो, आणि अर्धाअधिक उघडल्यावर दोन फेरे देऊनही तो कसा ढिम्म राहतो, हे ज्याच्या हातात चाक असतं त्याला पहिल्या दहा मिनिटांत कळतं. सक्शन (पाणी आत घेणारी बाजू) आवळलं की पंपात खडी घोळवल्यासारखा आवाज होतो, पायाखालची जाळी थरथरते. वहीत त्यातलं काही येत नाही, वहीत आकडे येतात. अशी चार वर्षं गेली की मुलगी स्वतःच म्हणायला लागते, "माझी थिअरी पक्की आहे, प्रॅक्टिकल जमत नाही." मग ती मशीनवाली नोकरी सोडून टेबलावरची घेते, आणि आपण म्हणतो, तिची आवड.

दर २३ जूनला महिला अभियंता दिनाची पोस्टर्स येतात. गुलाबी हेल्मेट, हसरी मुलगी, हातात नकाशाची गुंडाळी. नकाशा उलटा धरलेलाही पाहिलाय मी. ती तारीख कुठून आली ते मात्र त्या पोस्टरवर कधी नसतं. पहिल्या महायुद्धात कारखान्यांत राबलेल्या बायकांना युद्ध संपताच घरचा रस्ता दाखवायला सुरुवात झाली, तेव्हा ब्रिटनमध्ये २३ जून १९१९ रोजी विमेन्स इंजिनिअरिंग सोसायटी स्थापन झाली. म्हणजे पहिली लढाई आत यायची नव्हती. आत आलेल्यांना बाहेर काढू नका, एवढीच होती.

मुलींनी या क्षेत्रात यावं म्हणून काय करावं, यावर भाषणं पुष्कळ होतात. मला तुमच्याकडून वेगळं हवंय. जे शिकताय, शिकवताय, काम करताय किंवा सोडून गेलात, त्यांनी सांगा: नेमका कुठला बोल्ट ढिला होता?

सरळरेषा

धागा चांगला आहे, पण मूळ गृहीतकच पटलं नाही. आज मुलींना कोणी अडवलंय का? फॉर्म भरा, परीक्षा द्या, या. येत नसतील तर आवड नसेल. मुलगे नर्सिंगला कमी जातात म्हणून कोणी पोस्टर लावतं का?

वाळूचा_कण

सरळरेषा, पहिल्याच प्रतिसादात आलात. पैज जिंकले मी. ;-)

पाना ताई, मी सिव्हिलवाली. माझा बोल्ट सांगते, हसू नका: संडास. पहिल्या साइटवर बायकांसाठी संडास नव्हता. "ऑफिसचा वापरा की," म्हणायचे. ऑफिस दीड किलोमीटरवर. मी सकाळपासून पाणी प्यायचं बंद केलं. सात महिन्यांत दोनदा मूत्रमार्गाचा संसर्ग झाला. डॉक्टर म्हणाले भरपूर पाणी प्या. म्हटलं, हो, तेवढं सोडून सांगा.

दुसरं, सेफ्टी शूज. स्टोअरमध्ये सगळ्यांत लहान ७ नंबर, माझा पाय ४. दोन मोजे आणि पुढे कापूस कोंबून मी शटरिंगवर (काँक्रीट ओतायच्या साच्यावर) चढायचे. हार्नेसचे पट्टे शेवटच्या भोकापर्यंत आवळूनही खांद्यावरून घसरायचे. जे जीव वाचवायला दिलंय तेच घालून पडायची भीती.

आणि हे आपल्यासारख्यांच्या साइटवरच घडतं असं नाही. मार्च २०१९ मध्ये नासाने पहिल्यांदाच दोघी बायकांचा स्पेसवॉक ठरवला होता. ऐन वेळी एकीच्या जागी पुरुष सहकारी गेला, कारण मध्यम मापाचा सूटचा धडाचा भाग अंतराळ स्थानकावर एकच तयार होता. अखेर १८ ऑक्टोबरला क्रिस्टिना कॉक आणि जेसिका मीर बाहेर पडल्या. अंतराळात माप मिळेना, तर आमच्या स्टोअरकीपरला काय बोलणार!

पाना_पक्कड

वाळू, हसले नाही गं. सुट्टीच्या दिवशी शटडाउनला (दुरुस्तीसाठी मशीन बंद ठेवतात तेव्हा) मीही थर्मासभर चहा नेऊन तो दुसऱ्यांना वाटलाय, त्याच कारणासाठी.

सरळरेषा, तुमचा मुद्दा टाळत नाही. युनेस्कोच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे जगभरात इंजिनिअरिंगच्या पदवीधरांत बायका २८ टक्के. पण देशागणिक पाहा. अल्जीरियात ४८.५, ट्युनिशियात ४४. स्वित्झर्लंडमध्ये १६ आणि जपानमध्ये १४. जन्मजात आवडीचीच गोष्ट असती तर सीमा ओलांडल्यावर ती एवढी बदलली नसती.

सरळरेषा

आकडे उलट माझ्याच बाजूने बोलतायत. जिथे पोटापाण्याची चिंता आहे तिथे मुली नाइलाजाने इंजिनिअरिंग घेतात, जिथे मोकळीक आहे तिथे मनासारखं निवडतात. जपानचं माहीत नाही, पण स्वित्झर्लंडच्या मुलींवर कोणाची जबरदस्ती आहे?

काटकोन

एकाच देशाचं उदाहरण घ्या, मग श्रीमंती-गरिबीचा प्रश्न येत नाही. अमेरिकेत कॉम्प्युटर सायन्सच्या पदवीधरांत १९८४ च्या सुमारास ३७ टक्के बायका होत्या. तिथून तो आकडा घसरत गेला आणि पंचवीस वर्षांत निम्म्यावर आला. त्याच काळात डॉक्टरकी आणि वकिलीत तिथल्या बायका वाढत होत्या. मग अचानक एकाच विषयाची आवड कशी आटली? घरोघरी कॉम्प्युटर आले ते मुलग्यांचं खेळणं म्हणून आले. कॉलेजात पहिल्या दिवशी अर्धा वर्ग आधीच प्रोग्रॅम लिहिणारा, आणि मास्तर त्याच वेगाने निघालेले. नवख्याला वाटणार, आपल्याला डोकंच नाही.

उलटंही करून दाखवलंय. कार्नेगी मेलन विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षात १९९५ साली ७ टक्के मुली होत्या, २००० साली ४२. प्रवेशाला आधीच्या प्रोग्रॅमिंगचं वजन कमी केलं, अनुभवी आणि नवख्यांना वेगवेगळी सुरुवात दिली. पाच वर्षांत मुलींची आवड सहापट झाली म्हणायची का?

बाकी मी या "महिला इंजिनिअर" बिरुदाच्या विरोधात आहे. दरवर्षी आठ मार्चला कंपनीत मला गुलाब देतात. माझ्या ट्रान्सफॉर्मरला माहीत नाही मी बाई आहे ते.

खडूफळा

शिकवतो, म्हणून लिहितो. ३० वर्षं ड्रॉइंग आणि वर्कशॉप. पाना ताईंनी टाकलेला फोटो माझ्याच प्रयोगशाळेतला असता तरी नवल वाटलं नसतं, कारण ग्रुप पाडून दिले की मी खुर्चीत बसायचो. कोण काय करतं याकडे माझं लक्ष नसायचं. रीडिंग आली, ग्राफ आला, सही केली.

एक कबुली देतो. ड्रॉइंगमध्ये मुली अडखळल्या की "यांना थ्री-डी दिसतच नाही" असं मी स्टाफरूममध्ये अनेकदा म्हणालोय. प्रोजेक्शन ऑफ सॉलिड्स (घन वस्तू कागदावर काढणं) आलं की रडकुंडीला यायच्या. मग शेरिल सॉर्बी या अमेरिकन प्राध्यापिकेचं काम वाचनात आलं. या बाई मेकॅनिकलच्या, आणि शिकताना स्वतःच ड्रॉइंगला अडखळलेल्या. त्यांनी मिशिगन टेक विद्यापीठात १९९३ साली, नुसत्या नजरेने वस्तू फिरवून बघण्याच्या चाचणीत मागे पडणाऱ्यांसाठी छोटा अभ्यासक्रम सुरू केला. एकमेकांत अडकणारे ठोकळे हातात घ्यायचे, फिरवायचे, आणि पेन्सिलीने, हाताने, कागदावर काढायचे. बस. मुलं-मुली दोघांची चाचणी सुधारली, आणि तो अभ्यासक्रम केलेल्या मुली इंजिनिअरिंगमध्ये टिकण्याचं प्रमाणही वाढलं.

म्हणजे ज्याला मी जन्मजात समजत होतो, तो सरावाचा भाग निघाला. लहानपणी ज्याने ठोकळे जोडले, सायकलची चेन बसवली, त्याचा सराव आधीच झालेला असतो. मी सुताराकडून लाकडी ठोकळे करून घेतले. पहिले दोन आठवडे ड्राफ्टर (आखणीचं उपकरण) हातात द्यायचा नाही, ठोकळा द्यायचा. समोरून, वरून, बाजूने काय दिसतं ते हाताने काढा. सगळे सुधारले असं म्हणणार नाही. पण रडणं थांबलं, मुलग्यांचंही. मुलगेही रडायचे, फक्त बाहेर जाऊन.

आता प्रयोगशाळेचा नियम करतो: दर रीडिंगला जागा बदल. व्हॉल्व्ह, घड्याळ, गेज, वही. पाइपला टेकणारा कुठे बसवायचा ते मात्र सुचवा.

पाना_पक्कड

सर, त्याला पहिल्यांदा वहीवर बसवा.

कंपास_हरवला

मी तिसऱ्या वर्षाला आहे, मेकॅनिकल. ६४ जणांत आम्ही ५ मुली. कोणी त्रास देत नाही, सगळे चांगले आहेत. पण ग्रुपमध्ये मी काही विचारलं की उत्तर देणारा आधी हातातलं काम काढून घेतो. "थांब, दे इकडे, दाखवतो." आणि दाखवताना करूनच टाकतो. लेथवर माझा अख्खा जॉब (कापून बनवायचा तुकडा) एकदा असा कोणीतरी "दाखवून" दिलाय. मार्क मला मिळाले.

मला खरंच शॉप फ्लोअरवर काम करायचंय. पण सगळे म्हणतात, सॉफ्टवेअरला जा, कशाला हात काळे करतेस. मोठ्या तायांनी खरं सांगा, पस्तावते का मी?

काटकोन

हात काळे होतात, साबणाने निघतात. "दे इकडे" म्हणणाऱ्याला "तू तोंडाने सांग, हात माझे" एवढंच म्हणायचं. पहिल्यांदा ओशाळल्यासारखं होतं. तिसऱ्यांदा सवय होते, दोघांनाही.

आणि बिअट्रिस शिलिंगचं ऐक. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लढाऊ विमानांचं मर्लिन इंजिन, विमानाने एकदम नाक खाली घातलं की गचके खायचं. कार्ब्युरेटरमधलं (इंधन आणि हवा मिसळणाऱ्या भागातलं) इंधन उसळून आधी तुटवडा, मग पूर. शत्रूची विमानं इंधन थेट इंजेक्ट करणारी, ती बिनधास्त सूर मारून निसटायची. शिलिंगबाईंनी १९४१ साली उपाय काढला तो काय, तर मधोमध भोक असलेला एक छोटा धातूचा तुकडा, इंधनाच्या नळीत बसवायचा. इंजिनला लागेल तेवढंच इंधन जाईल, पूर येणार नाही. विमान सेवेतून बाहेर न काढता बसवता यायचा. स्वतः एका छोट्या टीमबरोबर विमानतळोविमानतळी फिरून बसवले. मोटारसायकलवर शर्यती करायच्या त्या, इंजिन खोलून जोडायच्या. अशी अक्कल रीडिंग लिहून येत नाही.

एका_मुलीचा_बाबा

नमस्कार. मी इंजिनिअर नाही. मुलगी बारावीला आहे, तिला इलेक्ट्रिकल घ्यायचंय. घरात बिघडलेला मिक्सर तीच दुरुस्त करते, त्यामुळे आवडीचा प्रश्न नाही. भीती माझी आहे. रात्रपाळी, लांबची साइट, सगळे पुरुष. तिला अडवायचं नाही, पण मन तयार होत नाही. तुम्ही लोक काय सांगाल?

वाळूचा_कण

बाबा, भीती खोटी नाही, ती नसल्याचं सोंग कोणी करू नये. पण ती मुलीपुढे ठेवण्याआधी कंपनीपुढे ठेवायला तिला शिकवा. रात्री ने-आण कोण करतं? पाळीत दुसरी बाई आहे का? तक्रार कोणाकडे, आणि तो तिचा साहेबच तर नाही ना? मुलाखतीच्या शेवटी "काही विचारायचंय?" म्हणतात, तेव्हा हे विचारायचं. उत्तर देताना जो चाचपडतो तिथे जायचं नाही. मी दोन नोकऱ्या अशा नाकारल्या.

आणि रात्रपाळी नर्स पण करतात हो, वर्षानुवर्षं. तिथे कोणी बाबा असं विचारत नाही.

सरळरेषा

हा नर्सचा मुद्दा मात्र लागला. मान्य.

तरी एक विचारतो, भांडायला नाही. समजा बायका कमीच राहिल्या, तर इंजिनिअरिंगचं बिघडलं काय? पूल पूलच राहणार ना?

काटकोन

पूल राहील. गाडीचं बघा. समोरून धडकेच्या चाचणीत वर्षानुवर्षं जो डमी मुख्यतः वापरला गेला, तो मध्यम बांध्याच्या पुरुषाच्या मापाचा. पट्टा, एअरबॅग, सीट, सगळं त्याच्यावर बेतलेलं. २०११ साली व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी अमेरिकेतल्या अपघातांची माहिती तपासली. तशाच धडकेत, पट्टा लावलेला असताना, बाई चालकाला गंभीर इजा होण्याची शक्यता पुरुष चालकापेक्षा ४७ टक्क्यांनी जास्त निघाली. कोणी मुद्दाम केलं नसेल. पण टेबलाभोवती सगळे एकाच मापाचे बसले की दुसरं माप आठवत नाही. वाळूच्या बुटांचं तेच झालं.

उतारावरची

बरेच दिवस नुसती वाचते, आज लिहिते. मी सोडून गेलेल्यांतली.

नऊ वर्षं टेस्टिंग आणि कमिशनिंग केलं, रिले प्रोटेक्शनचं, म्हणजे बिघाड होताच वीज तोडणाऱ्या यंत्रणेचं. सबस्टेशन पहिल्यांदा चार्ज करताना (वीज सोडताना) ब्रेकर लागल्याचा तो धाडकन आवाज, आणि नंतर ट्रान्सफॉर्मरची हलकी घुमघुम सुरू होते. त्या वेळी कोणी कोणाशी बोलत नाही, सगळे पॅनेलकडे बघत असतात. मला अजून स्वप्नात येतं ते.

सगळे धरून चालतात की मूल झालं म्हणून सोडलं. मी सोडलं तेव्हा मुलगा पाच वर्षांचा होता. रजेवरून परत आले तेव्हा साहेब प्रेमाने म्हणाले, "आता तुझी धावपळ नको." आणि मला डॉक्युमेंटेशनला बसवलं. मला कोणी विचारलं नाही. माझं इंजेक्शन किट (रिले तपासायचं यंत्र) एका ज्युनिअरच्या नावावर गेलं. त्याला मीच शिकवलं होतं. तीन वर्षं मी दुसऱ्यांचे टेस्ट रिपोर्ट टाइप केले, चुका काढल्या, फोनवर सेटिंग सांगितली. मग प्रमोशनची वेळ आली तेव्हा तेच साहेब तितक्याच प्रेमाने म्हणाले, "अलीकडचा साइटचा अनुभव कमी पडतोय."

भांडावं कोणाशी? कोणी वाईट वागलंच नव्हतं. पाना ताईंच्या भाचीचा फोटो डोळ्यापुढे आला आणि लक्षात आलं, मी सुरुवातीलाही रीडिंग लिहीत होते आणि शेवटीही. मधली नऊ वर्षं तेवढी माझी.

खडूफळा

हे वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही.

पाना_पक्कड

उतार, तुझा प्रतिसाद तीनदा वाचला.

२०११ साली विस्कॉन्सिन-मिलवॉकी विद्यापीठाच्या नादिया फुआद आणि रोमिला सिंग यांनी इंजिनिअरिंग शिकलेल्या हजारो बायकांना विचारलं होतं, राहिलात का, सोडलंत का? टिकलेल्या आणि सोडलेल्या बायकांत आवड किंवा आत्मविश्वास यांचा फरक निघाला नाही. फरक होता तो कामाच्या जागेचा: वर जायची वाट आहे का, साहेब आणि सहकारी पाठीशी आहेत का. तू तेच एका परिच्छेदात सांगितलंस.

मी टिकले त्यात माझा फार पराक्रम नाही. तोच फोरमन. बोल्ट उलटा फिरवताना बघून तो हसला नाही, पाना काढूनही घेतला नाही. बाजूला उभा राहून विडी ओढत राहिला. माझी २० मिनिटं गेली त्या गार्डला. दुसऱ्या दिवशी पुन्हा मलाच बोलावलं. अलाइनमेंटला डायल गेज लावायला, शिम (मशीन नीट बसवायला खाली घालायची पातळ पत्र्याची पट्टी) कापायला, दर वेळी मलाच. एकदा मॅनेजर म्हणाले, मॅडमना कशाला उन्हात, तर हा म्हणाला, "मग मशीन सावलीत आणा." बाईच्या जातीला पुढे आणायचं वगैरे त्याच्या डोक्यात काही नव्हतं. त्याला शिम नीट कापणारं माणूस हवं होतं.

आता मी टीम चालवते. कोणी रजेवरून आलं की मी सोय ठरवत नाही. विचारते, साइट हवी की टेबल, आणि सहा महिन्यांनी पुन्हा विचारते. पुरुषांनाही. एका नवीन बाबाने टेबल मागितलं, दिलं. त्याच्या बायकोचा मला धन्यवादाचा मेसेज आला, ती पण इंजिनिअर आहे आणि त्या महिन्यात तिला साइटवर जायचं होतं.

एका_मुलीचा_बाबा

सर्वांचे आभार. मुलीला धागा वाचायला दिला. ती फक्त "रिले म्हणजे काय" एवढंच शोधत बसली आहे रात्रीपासून.

उतारावरची

बाबा, तिला काही अडलं तर मला व्यक्तिगत निरोप करायला सांगा. माझ्याकडे वेळ आहे, आणि ते विषय अजून पाठ आहेत.

कंपास_हरवला

काटकोन ताई, आज म्हणाले. "तू तोंडाने सांग, हात माझे." टूल बसवायला मला पंधरा मिनिटं लागली, सेंटरवर येईना. मागे तिघं रांगेत, एक जण उसासे टाकत होता. जॉब २ मिलिमीटर जास्त टर्न झाला, वाया गेला. पुन्हा करायचाय. पण वाया मी घालवलाय.

पाना_पक्कड

झकास. माझा पहिला शिमही कचऱ्यातच गेला होता.

जाता जाता, भाचीची खबर. या वेळी ती व्हॉल्व्हवर होती आणि पाइपला टेकणाऱ्याला वही दिली होती. रीडिंग कोणालाच वाचता येईनात, त्याची त्यालासुद्धा. अख्खा सेट पुन्हा घ्यावा लागला, सरांची बोलणी खाल्ली. तिने मला त्या पानाचा फोटो पाठवलाय. तिसऱ्या ओळीत १ आहे की ७, मी चष्मा लावून बघितलं, मलाही सांगता येत नाही.